‘फादरनी मिस्सा करावी, बाकीचं सोडावं’

रविवारची मिस्सा आटोपते, माणसं चर्चच्या आवारात रेंगाळतात. प्रवचनात फादरांनी पाण्याचा किंवा एखाद्या भरावाचा विषय काढलेला असेल, तर वरचं वाक्य कुणाच्या तरी तोंडून येतंच. त्यामागचं म्हणणं थोडक्यात असं: आपण मूठभर माणसं. काळ बरा नाही. श्रद्धा ही मनातली गोष्ट. घरात आणि चर्चमध्ये ती जपली तर पुढच्या पिढीच्या हाती धडपणे जाईल. रस्त्यावर उतरलं की राजकारण आलं, राजकारण आलं की धर्मग्रामात दोन तट पडले, आणि सरकारदरबारी नाव लागलं ते वेगळंच. तेव्हा फादरांनी मिस्सा करावी, आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर नेऊन द्यावं, मुलांना धर्मशिक्षण द्यावं. बाकीच्या उठाठेवींना इतर लोक आहेत.

असं बोलणारी माणसं कुणी नास्तिक किंवा उडाणटप्पू नव्हेत. वसईच्या गावांत पहाटेच्या मिस्सेला पहिल्या बाकावर बसणारी, रोज संध्याकाळी घरात रोझरी म्हणणारी, सणाच्या आधीचे नऊ दिवस नोव्हेनाला न चुकणारी हीच माणसं. चर्च चालतं ते त्यांच्या जिवावर. म्हणूनच त्यांचं म्हणणं झटकून टाकता येत नाही. आणि मला ते साफ चुकीचं वाटत असल्यामुळे त्याचा समाचार घेणं भाग आहे.

आधी त्यांच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा मीच मांडतो. झारखंडमध्ये आदिवासींमध्ये काम करणारे जेझुइट धर्मगुरू स्टॅन स्वामी यांना ऑक्टोबर २०२० मध्ये एल्गार परिषद प्रकरणात अटक झाली. वय ८३, पार्किन्सनमुळे हात इतके कापत की पेला तोंडाशी नेता येत नसे. तळोजा तुरुंगात पाणी पिण्यासाठी स्ट्रॉ आणि सिपर मिळावा म्हणून त्यांना अर्ज करावा लागला. आरोप त्यांनी नाकारले होते. ते खरे की खोटे हे ठरवणारा खटला उभाच राहिला नाही, आणि ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात त्यांचं निधन झालं. ‘बघा, चर्चबाहेर पडलं की असं होतं,’ असं कुणी म्हणालं तर त्या भीतीला हसण्याची माझी प्राज्ञा नाही. भीती खरी आहे. पण तिच्यातून काढलेला निष्कर्ष खरा आहे का, हे तपासावं लागेल. स्टॅन स्वामी करत काय होते? खटल्याविना वर्षानुवर्षं तुरुंगात पडलेल्या आदिवासी तरुणांची माहिती गोळा करत होते, त्यांच्यासाठी न्यायालयात दाद मागत होते. त्या कामाचा आणि आपल्या धर्माचा संबंध नाही, असं म्हणायचं असेल तर आधी शुभवर्तमान मिटून ठेवावं लागेल. त्याकडे मी येतोच.

या वादाला जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीचा एक नमुना आहे, आणि त्यातला ‘आज’ हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम नावाचा कॉलेजचा पोरगा मित्रांबरोबर एक चर्चामंडळ चालवायचा. ख्रिस्ती धर्माने जगाला काय काय दिलं, हे तो तिथे हिरिरीने सांगायचा. एकदा समोरच्या समाजवादी विचारांच्या विद्यार्थ्यांनी त्याला गाठलं. त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ असा होता की पूर्वी तुमच्या धर्माने पुष्कळ केलं असेल, मान्य, पण आज तुम्ही काय करता? तुमची श्रद्धा जिवंत आहे हे दाखवणारं काम कुठे आहे? नुकतीच पॅरिसमध्ये कॉलऱ्याची साथ होऊन गेली होती आणि मुफतार रस्त्याच्या आसपासच्या खोल्यांमध्ये माणसं उपाशी होती. ओझानामने उत्तरादाखल आणखी एक भाषण ठोकलं नाही. एप्रिल १८३३ मध्ये वयाच्या विसाव्या वर्षी त्याने मूठभर मित्र जमवले. त्या वस्तीत काम करणाऱ्या सिस्टर रोझाली रांद्यू यांच्याकडून ती पोरं गरजू घरांचे पत्ते घेऊ लागली आणि स्वतः जिने चढून त्या घरांत जाऊ लागली. पैसे कुणाच्या हाती पाठवायचे नाहीत, आपण जायचं, ही त्यांची रीत. त्यातून संत विन्सेंट डी पॉल संस्था उभी राहिली. वसईतल्या धर्मग्रामांतही तिच्या शाखा आहेत. दोन-दोन सदस्य आजही घरभेटीला जातात, आजाऱ्याच्या खाटेशी बसतात, औषधाची चिठ्ठी बघतात, मुलाची फी थकली आहे का ते विचारतात. या सदस्यांचं सरासरी वय काय असेल, हे मात्र ज्याने त्याने आपल्या धर्मग्रामात डोळे उघडून पाहावं.

आता हाच प्रश्न कुणी आपल्याला विचारला तर आपण काय सांगतो? भूतकाळ सांगतो. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापलं गेलं. अहमदनगरला १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ निघालं. पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशन उभारलं. रेव्हरंड टिळकांनी कविता लिहिली, लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. शाळा आमच्या, दवाखाने आमचे. एकही गोष्ट खोटी नाही, पण सगळी क्रियापदं भूतकाळी. चर्चच्या शताब्दीची एखादी स्मरणिका उघडून बघा. आधी बिशपांचा संदेश, मग आजवरच्या प्रमुख धर्मगुरूंचे काळे-पांढरे फोटो, मग पूर्वजांच्या त्यागावर दोन लेख, आणि मलपृष्ठावर बिल्डरची पानभर रंगीत जाहिरात: ‘धर्मग्रामास हार्दिक शुभेच्छा’. पूर्वजांनी खणलेलं बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं तळं, ज्याने बुजवलं त्याच्याच पैशातून पूर्वजांचा गौरवग्रंथ छापायचा, हे आपल्याला खटकतही नाही.

‘श्रद्धा खाजगी असते’ असं म्हणणारे लोक मत्तयच्या सहाव्या अध्यायाचा आधार घेतात. खोलीत जा, दार लाव आणि प्रार्थना कर, असं येशूने सांगितलं आहे. सांगितलं आहेच. पण तो अध्याय सुरू कुठे होतो? दानधर्मापासून. दान करताना कर्णा वाजवू नका, उपास करताना तोंड पाडून बसू नका, आणि प्रार्थना करताना लोकांनी बघावं म्हणून चव्हाट्यावर उभे राहू नका, अशी ती तीन सूचनांची मालिका आहे. निषेध आहे तो दिखाऊपणाचा. दान करू नका, असं तिथे कुठेच नाही. ते करणार हे गृहीतच धरलेलं आहे. हाच निकष लावायचा तर पहिला हातोडा आपल्या सणाच्या रोषणाईवर, लाऊडस्पीकरवर आणि पालखीपुढच्या बँडवर पडेल. विहिरीच्या पाण्याचा नमुना तपासायला नेणाऱ्या चार पोरांवर तो पडत नाही.

त्याच शुभवर्तमानाचा पंचविसावा अध्याय तर या मंडळींनी पुन्हा एकदा सावकाश वाचावा. त्यात धन्याचा पैसा जमिनीत पुरून ठेवणाऱ्या नोकराची गोष्ट आहे. त्याने चोरी केली नाही, उधळपट्टी केली नाही, अफरातफर केली नाही. धनी परतल्यावर मिळालेली रक्कम जशीच्या तशी हातावर ठेवली, आणि कारणही प्रामाणिकपणे सांगितलं: मला भीती वाटली. आपल्या आजच्या युक्तिवादाशी हे कारण शब्दागणिक जुळतं. त्या नोकराचं पुढे काय झालं, हे सांगायला नको. आणि ही गोष्ट संपते न संपते तोच शेवटच्या न्यायाचं वर्णन येतं. तिथे विचारलं जातं ते भुकेल्याला अन्न दिलं का, तान्हेल्याला पाणी दिलं का, परक्याला घरात घेतलं का, तुरुंगातल्या माणसाला भेटायला गेलात का. नोव्हेनाची हजेरी तिथे घेतली जात नाही. पाणी आणि तुरुंग हे दोन्ही विषय फादरांनी प्रवचनात काढू नयेत असं आपण म्हणतो, आणि शेवटच्या परीक्षेत नेमके तेच दोन येणार आहेत.

मग प्रार्थनेचं काय? इथे मात्र दुसऱ्या बाजूला थोडं बळ द्यायला हवं. नुसत्या मोर्च्यांनी आणि शिबिरांनी श्रद्धा टिकत नाही. प्रार्थनेशिवाय केलेल्या कामाची लवकरच संस्था होते, संस्थेचा अहवाल होतो आणि अहवालात ख्रिस्त सापडत नाही. पोप फ्रान्सिस यांनी निवडून आल्याच्या दुसऱ्याच दिवशी, मार्च २०१३ मध्ये, हाच इशारा दिला होता: ख्रिस्ताची साक्ष सोडली तर चर्चची एक दयनीय एनजीओ होईल. हे बोल आमच्यासारख्या कार्यकर्त्या मंडळींना लागायला हवेत. पण त्यातून ‘म्हणून काम सोडा’ असा अर्थ काढणं ही लबाडी आहे. मार्था राबत होती आणि मरिया येशूच्या पायाशी बसली होती, तिने उत्तम भाग निवडला, हा दाखला मला अनेकदा ऐकवला जातो. चिंतनाच्या वाटेवर जिचा अधिकार कुणी नाकारणार नाही त्या आविलाच्या संत तेरेजाने आपल्या ‘आंतरिक दुर्ग’ या ग्रंथाच्या अखेरच्या भागात बजावलं आहे की मार्था आणि मरिया यांनी एकत्रच राहायला हवं. दोघींपैकी एकीलाच ठेवलं तर प्रभूचा पाहुणचार व्हायचा कसा, असा तिचा रोकडा सवाल आहे.

रमाबाईंकडे पाहिलं की हा झगडा तर मुळात खोटाच वाटू लागतो. १८९६-९७ च्या दुष्काळात ही बाई मध्य प्रांतात गेली आणि उपासमारीने हाडांचे सापळे झालेल्या मुली-बायका शेकड्यांनी केडगावला घेऊन आली. त्यांना खाऊपिऊ घातलं, विणकाम, छपाई, शेती शिकवली. आणि याच केडगावला १९०५ मध्ये प्रार्थनेची अशी लाट आली की तिची चर्चा जगभरच्या प्रॉटेस्टंट पंथांत झाली. विणकाम चालायचं ते अंगण आणि रात्र रात्र प्रार्थना चालायची ते अंगण एकच. त्याआधी १८९३ मध्ये तिने मुलींसाठी चालवलेल्या पुण्याच्या शारदा सदनात याच बाईवर वादळ उठलं होतं. मुली तिच्या प्रार्थनेला येऊन बसतात, अशी तक्रार होती. ती सर्वस्वी निराधार नव्हती. सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असं वचन दिलेलं होतं, आणि रानडे, भांडारकरांसारखी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली ती काही उगाच नव्हे. रमाबाईंची बाजू एवढीच होती की मी कुणाला बोलावत नाही, पण प्रार्थना करताना माझ्या खोलीचं दार लावणार नाही. त्या वादात कोण बरोबर, यावर आजही दोन मतं होतील. एक गोष्ट मात्र कबूल करावी लागेल. दार लावून घेतलं असतं तर रमाबाईंना सदन चालवणं सोपं गेलं असतं, पालकांनी मुली काढून नेल्या नसत्या. तरी त्यांनी ते लावलं नाही.

‘राजकारण’ या आक्षेपाकडे आता वळू. वसईतलंच उदाहरण घेतो, कारण ते मी ओळखतो. बावखल म्हणजे वाडीत खणलेलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी त्यात साठायचं, मुरायचं, आसपासच्या विहिरींना पुरायचं. त्या पाण्यावर केळी, पानवेली, फुलं, भाजीपाला. काठावर उभं राहिलं तर आजही समजतं की ही खणणारी माणसं समुद्राचं खारं पाणी आणि आपली वाडी यांच्यात काय उभं करत होती. एक बावखल बुजलं म्हणजे केवळ खड्डा भरला गेला असं होत नाही. पाण्याला बसायला जागा उरत नाही, पावसाळ्यात ते घरात शिरतं आणि उन्हाळ्यात विहिरीला खारटपणा येतो. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार दिवसच्या दिवस पाण्यात उभं होतं, रेल्वे बंद पडली होती, तेव्हा या गणिताचं उत्तर सगळ्यांनी घरात गुडघाभर पाण्यात उभं राहून वाचलं.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून या पाण्यासाठी आणि जमिनीसाठी आवाज उठवला, बिल्डर आणि टँकरवाल्यांशी भांडण घेतलं, ते यासाठी. त्यात सर्व धर्मांची माणसं होती. त्या माणसाने मराठीत ‘सुबोध बायबल’ही दिलं आणि वर्षानुवर्षं ‘सुवार्ता’ हे मासिकही चालवलं. बायबलचा अनुवाद आणि बावखलांची राखण ही त्यांच्या लेखी दोन वेगवेगळी खाती नव्हती. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून बाहेरून विरोध झाला. त्याच सुमारास आपल्यातलेही काहीजण हळूच म्हणत होते, कशाला नसत्या भानगडीत पडायचं. बाहेरच्यांना चर्चचा माणूस साहित्यात नको होता, आतल्यांना तो समाजात नको होता, आणि दोघांचं मत एकाच ठिकाणी येऊन मिळत होतं: याने आपल्या कंपाउंडच्या आत राहावं.

राजकारण नको म्हणणाऱ्यांनी एवढंच सांगावं की बावखल बुजवण्याची परवानगी कुठल्या प्रार्थनासभेत मिळाली होती. ती राजकारणातच मिळाली. आणि एक कडू गोष्ट आपण आपापसांत तरी मान्य करू. जमिनी विकल्या त्या बाहेरच्यांनी नाहीत. सातबाऱ्यावर नावं डिसिल्वा, परेरा, लोपीस, रॉड्रिग्ज अशीच होती. विकणाऱ्यांपैकी अनेकांना पोरांची शिक्षणं होती, आजारपणं होती, कॅनडाच्या तिकिटाचे पैसे उभे करायचे होते. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण तेव्हा चर्चमध्ये या विषयावर उघड बोलणं व्हायला हवं होतं. ‘हा धर्माचा विषय नाही’ म्हणून ते टळलं.

संत गोन्सालो गार्सियाचं नाव घेतल्याशिवाय हे पुरं होणार नाही. वसईत जन्मलेला हा माणूस भारतातला पहिला संत. त्याच्या नावाने गासला चर्च आहे, वसईत कॉलेज आहे, आपण त्याचा सण थाटात करतो. तो काही मठाच्या चार भिंतींत जप करत बसलेला नव्हता. आधी व्यापारी, मग फ्रान्सिस्कन बंधू. जपानी भाषा येत होती म्हणून जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या दरबारात फ्रान्सिस्कनांचा दुभाषा म्हणून उभा राहिला. आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला पंचवीस सोबत्यांसह त्याला क्रूसावर चढवलं गेलं. ‘काळ बरा नाही, जरा जपून’ हा सल्ला त्यालाही नक्कीच कुणीतरी दिला असणार. तो सल्ला त्याने मानला असता तर आज मिरवणुकीत खांद्यावर घ्यायला आपल्याकडे मूर्ती नसती.

तरुण पोरं चर्चपासून का तुटतात, यावर हल्ली बरीच व्याख्यानं होतात. मोबाइल, कॅनडा, इंग्रजी माध्यम, सगळ्यांना धारेवर धरून होतं. माझं निरीक्षण साधं आहे. बावखल साफ करायला चिखलात उतरणाऱ्यांत आणि रक्तदानाच्या रांगेत ही पोरं दिसतात. पावसात अडकलेल्या अनोळखी माणसांना बिस्किटं-पाणी द्यायला ती बोलावल्याशिवाय येतात. चर्चमध्ये ती तेव्हा येत नाहीत, जेव्हा आतल्या प्रवचनाचा बाहेरच्या चिखलाशी काही संबंध असल्याचं त्यांना जाणवत नाही.

आणखी एक गोष्ट टाळून चालणार नाही. हिरव्या वसईच्या गप्पा मारताना आपल्या बोलण्यात ‘ते बाहेरचे’ असा सूर फार पटकन येतो. नालासोपारा पूर्वेच्या चाळींत एका टँकरभोवती हंडे घेऊन उभी असलेली बाई आपली शत्रू नाही. तिलाही बिल्डर-टँकरवाल्यांच्या त्याच टोळीने लुबाडलेलं आहे. परक्याला घरात घेतलं का, हा प्रश्न वर येऊन गेला आहेच. घरातलंही तसंच आहे. कुपारी, वाडवळ, कोळी या भिंती सोयरीक जुळवताना अजून उभ्या राहतात, आणि दलित ख्रिस्ती बांधवांना १९५० च्या आदेशामुळे अनुसूचित जातीचा दर्जा नाकारला जातो, तेव्हा त्यांच्या बाजूने बोलायला आपल्या किती धर्मग्रामांतून निवेदनं गेली? इथे तर पोलिसांची, सरकारची कुणाचीच भीती नव्हती.

तेव्हा ‘फादरनी मिस्सा करावी’ या म्हणण्याला माझी हरकत नाही. करावीच. पण मिस्सेच्या शेवटी जो निरोप दिला जातो तो बाहेर जाण्यासाठी असतो, घरी जाऊन दार लावून घेण्यासाठी नव्हे. आणि या सगळ्याचं ओझं फादरांच्याच खांद्यावर टाकणं हीसुद्धा एक पळवाटच आहे. ओझानाम धर्मगुरू नव्हता, रमाबाई नव्हत्या, गोन्सालोही नव्हता.

वाचकांपैकी जे पॅरिश कौन्सिलवर आहेत त्यांना विनंती आहे. पुढच्या सभेत सणाच्या मंडपाचा खर्च मंजूर करण्याआधी तीन प्रश्न विषयपत्रिकेवर घ्या. आपल्या धर्मग्रामाच्या हद्दीत किती बावखलं शिल्लक आहेत? किती विहिरींचं पाणी पिण्याजोगं उरलं आहे? आणि कुठल्या घरात, मग ते कुठल्याही धर्माचं असो, गेल्या महिन्याभरात कुणीच फिरकलेलं नाही? उत्तरं माहीत नसतील तर येत्या रविवारी मिस्सेनंतर चारजणांनी आवारात रेंगाळू नये. थेट बाहेर पडावं, बघून यावं आणि जे दिसेल ते नोटीस बोर्डावर लावावं.